रविवारचे हजार, मंगळवारचे शंभर

आधी एक साधा गुणाकार. समजा, महिन्यातल्या एका रविवारी १,००० पुणेकर सायकली घेऊन एकत्र निघाले आणि प्रत्येकाने २० किलोमीटर सायकल चालवली. वर्षाच्या १२ रविवारांचे एकूण अंतर झाले २,४०,००० किलोमीटर. आता दुसरीकडे फक्त १०० माणसे घ्या. घरापासून कामाची जागा ५ किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १०, आणि वर्षात कामाचे दिवस २४०. उत्तर तेच येते, २,४०,०००.

पहिल्या हजारांचे फोटो छापून येतात. टी-शर्ट, झेंडा दाखवायला पाहुणे, शेवटी पोहे आणि चहा, सगळे असते. दुसऱ्या शंभरांकडे कोणी पाहत नाही. त्यांत दूध टाकणारा असतो, रात्रपाळीचा वॉचमन असतो, बांधकामावर जाणारा गवंडी असतो आणि अलीकडे एखादी हट्टी प्राध्यापिकाही असते. ग्रुप राइड आणि सायकल फेऱ्यांची टर उडवायचा इथे हेतू नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. त्या हजारांपैकी किती जण शंभरांत येऊन बसतात? दर दहातला एक आला, तरी शहराच्या रस्त्यावर राइडइतकीच सायकल आणखी एकदा चालते. एकही आला नाही, तर राइड ही सहल ठरते. सहलही चांगलीच असते, पण तिला वाहतुकीचा उपाय म्हणू नये.

पुण्याला हा हिशेब करणे भाग आहे, कारण आकडा महापालिकेने स्वतःच लिहून ठेवला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तेव्हा शहरातल्या एकूण प्रवासांत सायकलीचा वाटा सुमारे ३ टक्के धरला होता आणि २०३१ पर्यंत तो २५ टक्क्यांवर न्यायचे ठरले. म्हणजे तेहतीस प्रवासांतला एक सायकलीवर होत होता, तिथे चारातला एक व्हायचा. त्यासाठी ८२४ किलोमीटरचे जाळे कागदावर आखले गेले. हे काम चौदा वर्षांवर, म्हणजे १६८ महिन्यांवर पसरले, तर महिन्याला जेमतेम ५ किलोमीटर होतात. ही गती अशक्य नाही. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६-०७ च्या सुमारास अवघ्या दीड वर्षात ८० किलोमीटरचे सलग, वाहनांपासून वेगळे केलेले सायकल मार्ग बांधले. तीही महिन्याला साडेचार किलोमीटरच्या आसपासची गती. तिथे सायकलीचा वाटा अर्ध्या टक्क्यावरून काही वर्षांत ६-७ टक्क्यांवर गेला. त्यांचे मार्ग एकमेकांना जोडलेले होते, ही त्यातली खरी गोम. पुण्यात सायकल मार्ग बीआरटीच्या काळापासून आहेत, पण चौक आला की संपतात. मध्येच डीपी बॉक्स उभा असतो, नाहीतर वडापावची गाडी.

हे शहर एकेकाळी सायकलींचे होते, हे वाक्य प्रत्येक सायकल फेरीच्या उद्घाटनात येते. महापालिकेचा बिल्ला, डबलसीटबद्दलचा दंड, दिवा नाही म्हणून पोलिसांनी सोडलेली हवा, या आठवणी सत्तरीच्या पुढच्या पुणेकरांकडे भरपूर आहेत. त्यात एक तारीख घालायला हवी. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. दोन्ही कंपन्या इथल्याच. पुण्याची सायकल पुण्यानेच मागे टाकली.

मार्च २०१८ अखेरचे पुणे आरटीओचे आकडे पाहा. नोंदलेली वाहने ३६.२७ लाख, त्यांतल्या दुचाकी २७.०३ लाख. आदल्या वर्षी दुचाकी २४.९७ लाख होत्या, म्हणजे वर्षभरात रोज साडेपाचशेहून अधिक नव्या दुचाक्यांची भर. शहराची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या घरात मानली जात होती, त्यामुळे ‘माणसांपेक्षा गाड्या जास्त’ अशा बातम्या झाल्या. नोंदणीच्या आकड्यात भंगारात गेलेली वाहनेही राहतात, तेव्हा ती बातमी थोडी फुगलेली होती. पण प्रमाण खोटे नाही. दर चार वाहनांतली तीन दुचाकी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ३०.५ टक्के घरांत सायकल होती, देशात ४४.८ टक्के घरांत. स्कूटर-मोटरसायकल मात्र महाराष्ट्रात २४.९ आणि देशात २१ टक्के. आपण देशाच्या आधी स्कूटरवर बसलो.

यातून निघणारी गोष्ट सायकलप्रेमींना फारशी आवडत नाही. पुण्यात सायकलीची स्पर्धा मोटारीशी नाही, ॲक्टिव्हाशी आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथे मंदगती शहर ठरले. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. निवांत सायकल चालवणारा ताशी १५ ने जातो. त्याला तेच अंतर ४० मिनिटांत कापता येते आणि पाच किलोमीटरवर हा फरक साडेतीन मिनिटांहून कमी उरतो. मोटारीला जागा शोधण्यात तेवढा वेळ सहज जातो. भाषणासाठी मुद्दा उत्तम आहे, पण तो मोटारवाल्याला पटवायचा. स्कूटर फटीतून निघते, फुटपाथवरही चढते (पुण्यात तरी चढतेच), आणि जागाही शोधत नाही. स्कूटरवाल्यापुढे वेळेचा युक्तिवाद टिकत नाही. तिथे पैशाचा टिकतो. वर्षाला २,४०० किलोमीटर, लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तरी सव्वापाच हजारांच्या वर खर्च जातो. त्यात थोडी भर घातली की साधी सायकल येते. आणि अंतर कमी असले की सवयीचा युक्तिवाद टिकतो. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर काढणाऱ्या शहरात सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आता राइड करणाऱ्यांकडे वळू, कारण पुण्यात त्यांची कमतरता नाही. पहाटे साडेपाचला खडकवासला, बोपदेव घाट, मुळशी, सिंहगडचा पायथा या रस्त्यांवर हेल्मेट आणि लाल दिव्यांच्या रांगा दिसतात. आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकलवारी निघते. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारात २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. भागाकार केला की सरासरी निघते ताशी १४.८ किलोमीटर, म्हणजे वर धरलेल्या निवांत सायकलवाल्याचाच वेग. पुणे ते गोवा ही डेक्कन क्लिफहँगर शर्यत साधारण ६४३ किलोमीटरची, तीही इथूनच सुटते. या शहरात पायांची ताकद भरपूर आहे. शनिवारी दोनशे किलोमीटर मारणारा गृहस्थ सोमवारी तीन किलोमीटरवरच्या बँकेत मात्र स्कूटरने जातो. त्याला विचारा, तो कारणे देईल: महागडी सायकल कुठे लावू, घाम येतो, बूट क्लीटचे आहेत, रस्त्यावर धक्के बसतात. त्याची सगळी कारणे खरी आहेत आणि एकही पायांशी संबंधित नाही.

म्हणून मला दुसऱ्या प्रकारच्या राइड जास्त मोलाच्या वाटतात. त्या हळू असतात, ताशी दहा-बारा किलोमीटरच्या. पुढे एक राइड लीडर, शेवटी सगळ्यांना गोळा करत येणारा स्वीप, आणि वेग ठरतो सर्वांत मागच्या माणसाच्या सोयीने, दिंडीसारखा. साडी, चप्पल, कॅरियरला लावलेली पिशवी, सगळे चालते. त्यात शिकायला मिळते ते व्यायामशाळेत मिळत नाही. कर्वे रस्त्याऐवजी एरंडवण्यातल्या आतल्या गल्ल्यांतून कसे जावे, पेठांतल्या एकेरी रस्त्यांना वळसा कुठून घालावा, उड्डाणपुलाच्या तोंडाशी बस डावीकडे दाबू लागली तर काय करावे, पंक्चर पाच मिनिटांत कसे काढावे. बायकांसाठी तर ओळखीच्या चार चेहऱ्यांबरोबर पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर येणे हीच निम्मी लढाई असते. शाळेत सायकल चालवलेली आणि लग्नानंतर ती गंजू दिलेली कितीतरी माणसे पुण्यात आहेत. अशा माणसाला त्याच्याच ऑफिसचा रस्ता रविवारी रिकाम्या वेळी दाखवून आणणे, ही एखाद्या संस्थेने करावी अशी सर्वांत स्वस्त गोष्ट.

गर्दीने सुरक्षितता येते, असा दावा या फेऱ्यांत हमखास होतो. त्याला आधार आहे. पीटर जेकबसन या अभ्यासकाने २००३ मध्ये अनेक शहरांचे आणि देशांचे आकडे तपासून दाखवले की सायकली दुप्पट झाल्या की अपघात दुप्पट होत नाहीत, साधारण ३२ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे एकेका सायकलवाल्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. चालकांच्या नजरेला सायकल सवयीची होते, हे त्यांचे स्पष्टीकरण. उलटही म्हणता येईल की जिथे रस्ते आधीच सुरक्षित, तिथे लोक सायकल काढतात. काहीही असो, हा परिणाम रोजच्या वर्दळीत दिसणाऱ्या सायकलींचा आहे. रविवारी सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावरून गेलेल्या पाचशे सायकली मंगळवारी संध्याकाळच्या पीएमपी बसच्या चालकाने पाहिलेल्याच नसतात. देशात २०२२ साली ४,८३६ सायकलस्वार रस्त्यावर मेले, म्हणजे रोज तेरा. त्यांतल्या बहुतेकांनी ग्रुप राइडचे नावही ऐकलेले नसणार.

एका दिवसाच्या उपक्रमांचा पुण्याला चांगला अनुभव आहे. १ नोव्हेंबर २०१२ ला ‘बस डे’ झाला, एका दिवसापुरत्या हजारो बस रस्त्यावर आल्या. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. दोन्ही दिवशी लोक खूश होते, दुसऱ्या दिवशी सगळे जागच्या जागी. बोगोटात हीच गोष्ट १९७४ पासून चालू आहे, पण तिथे ती दर रविवारी होते. सकाळी सात ते दुपारी दोन, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते माणसांसाठी मोकळे. वर्षाला बावन्न वेळा घडणारी गोष्ट शहराच्या वेळापत्रकात शिरते आणि मग कायमचे मार्ग मागायला लोक तयार मिळतात. बोगोटात आज पाचशे किलोमीटरहून अधिक कायमचे सायकल मार्ग आहेत. नेदरलँड्सची सुरुवातही रस्त्यावर उतरण्यानेच झाली होती. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. आईबाप रस्ते अडवून बसले, सायकल मोर्चे निघाले. त्या मोर्चांची मागणी ठरलेली होती आणि ती कोणाकडे करायची हेही ठरलेले होते.

भाड्याच्या सायकलींचा प्रयोग आठवतो? डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंध भागात तो सुरू झाला, पुढे आणखी कंपन्या आल्या, रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या. २०१९ संपेपर्यंत बहुतेकांनी गाशा गुंडाळला. सायकल होती, ॲप होते, रस्ता तोच होता. केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होते. पुण्याचे नाव नव्हते.

आणि तरीही जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यातून गेली. त्यासाठी मार्गावरचे रस्ते नव्याने डांबरले गेले, खड्डे बुजले. तारीख ठरलेली असली की यंत्रणा हलते, एवढे त्यातून कळले. ८२४ किलोमीटरच्या जाळ्याला मात्र अशी तारीख नाही. २०३१ हे साल आहे, पण सालाला पाहुणे येत नाहीत.

सायकल गटांनी तारीख द्यावी, असे मला वाटते, आणि ती मोजणीची असावी. कोपनहेगन १९९० च्या दशकापासून दर दोन वर्षांनी सायकलींचा ताळेबंद छापते: किती चालल्या, किती जणांना सुरक्षित वाटते, किती किलोमीटर मार्ग वाढले. पुण्यात फेरीला किती लोक आले हे मोजले जाते, रोज किती सायकली जातात हे क्वचितच. अलका चौक, नळ स्टॉप, स्वारगेट, हडपसर, येरवडा, असे दहा चौक निवडायचे. प्रत्येक ठिकाणी दोन माणसे, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन. एकूण ८० मनुष्यतास, म्हणजे ४० स्वयंसेवकांचे प्रत्येकी दोन तास. एका बऱ्यापैकी मोठ्या फेरीला एवढी माणसे लागतातच. तक्त्यात रकाने थोडेच हवेत: पुरुष की बाई, शाळकरी की मोठे, मागे ओझे आहे की नाही, आणि रस्त्याच्या कडेने की मधून. वर्षातून दोनदा, त्याच चौकांत, त्याच वेळी. गणपती, दिवाळी आणि शाळांच्या सुट्ट्या सोडून कोणताही मंगळवार चालेल.