मोर्चाला माणसं किती होती?

आजचा विषय वरवर पाहता पोलिसांचा किंवा वार्ताहरांचा वाटेल. मोर्चाला माणसं किती आली? पण जरा खोलात गेलो की कळतं, 'ज्ञान कशाला म्हणायचं' या आपल्या जुन्याच प्रश्नाचा हा एक तुकडा आहे.

आधी सोपं प्रकरण घेऊ : एका जागी उभी असलेली गर्दी. तिची रीत 1960च्या दशकात हर्बर्ट जेकब्स यांनी बसवली. ते बर्कलीला पत्रकारिता शिकवत. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या सभांचा चौक दिसे आणि त्या चौकाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि गुणाकार केला. त्यातून ढोबळ नियम निघाला : सैल गर्दीत माणशी 10 चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, अगदी चेंगराचेंगरीत अडीच.

हे आपल्या शिवाजी पार्कला लावून बघू. मैदान साधारण 28 एकर, म्हणजे सुमारे 12 लाख 20 हजार चौरस फूट. सैल गर्दी असेल तर सव्वा लाख माणसं, दाट असेल तर पावणेतीन लाखांच्या आत-बाहेर. इंच इंच भरलं तरी पाच लाखांच्या आतच. आणि यात व्यासपीठ, झाडं, कट्टे यांची जागा वजा केलेली नाही. तेव्हा कुणी 'दहा लाखांची सभा' म्हणालं की आपण मनात भागाकार करायचा : माणशी सव्वा चौरस फूट! एवढ्यात माणूस मावत नाही हो, फार तर त्याच्या चपला मावतील.

चालत्या मोर्चाचं मात्र असं नसतं. लोक येतात, जातात, मधल्या गल्लीतून शिरतात. 16 जून 2019ला हाँगकाँगच्या मोर्चाबद्दल आयोजक म्हणाले, जवळजवळ 20 लाख. पोलीस म्हणाले, मूळ मार्गावर ऐन गर्दीच्या वेळी 3 लाख 38 हजार. आपल्याला वाटतं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. दोन्हीकडे ओढाताण असेलच, पण प्रश्नही दोन आहेत. एका क्षणी किती माणसं होती हा एक, आणि दिवसभरात किती वेगवेगळी माणसं येऊन गेली हा दुसरा. प्रश्न न सांगता आकडा सांगणं म्हणजे एकक न सांगता वजन सांगण्यासारखं आहे.

आकड्यावरून भांडणं किती पेटतात ते 1995 साली दिसलं. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा 'मिलियन मॅन मार्च' झाला. नावातच दहा लाख! सरकारी उद्यान विभागानं चार लाख सांगितले, तर आयोजक लुई फराखान यांनी खटल्याची धमकी दिली. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी छायाचित्रांवरून मोजून सुमारे 8 लाख 37 हजार असा अंदाज दिला, वीस टक्के इकडेतिकडे धरून. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेनं उद्यान विभागाला गर्दी मोजण्यासाठी पैसेच नाकारले. भांडण मिटवायची ही तऱ्हा आम्हाला फार बोलकी वाटते : मोजणाराच काढून टाकायचा.

आता देशभरच्या निदर्शनांकडे येऊ. 21 जानेवारी 2017च्या महिला मोर्चाला अमेरिकेत साडेसहाशेच्या आसपास ठिकाणी लोक जमले. इथे विमानातून फोटो काढणार कोण? जेरेमी प्रेसमन आणि एरिका चेनोवेथ या अभ्यासकांनी सर्वांना दिसेल असा एक तक्ता केला. प्रत्येक गावासमोर किमान आणि कमाल आकडा, आणि तो कुठून आला त्याची नोंद. बेरीज आली सुमारे 33 लाख ते 52 लाख. एवढी मोठी फट पाहून काही लोक हसतात. आम्ही उलट म्हणू, फट दाखवली म्हणूनच विश्वास ठेवावा.

बेरजेत एक गंमत आहे, ती नीट ध्यानात घ्या. एका गावात अंदाज थोडा जास्त, दुसऱ्यात थोडा कमी, अशा सुट्या चुका शेकडो गावांत एकमेकींना खातात. पण सगळ्या लहान गावांत आकडा सांगणारा एकटा आयोजकच असेल, तर चूक सगळीकडे एकाच बाजूला झुकते. मग गावं वाढवली तरी ती जात नाही. बेरजेबरोबर तीही वाढते.

14 जून 2025च्या 'नो किंग्ज' निदर्शनांत दोन हजारांहून जास्त ठिकाणं होती. आयोजकांनी 50 लाखांच्या वर सांगितलं, जी. इलियट मॉरिस या विश्लेषकानं लोकांकडून आकडे गोळा करून 40 ते 60 लाख असा अंदाज दिला.

एवढा आटापिटा कशासाठी? चेनोवेथ यांच्याच अभ्यासातून 'साडेतीन टक्क्यांचा नियम' निघाला : लोकसंख्येच्या एवढ्या भागानं सक्रिय भाग घेतला की आंदोलन सहसा हरत नाही. अमेरिकेसाठी हे साधारण 1 कोटी 20 लाख होतात. लोक आता त्या रेषेकडे डोळे लावून बसतात. पण तो इतिहासातून काढलेला निष्कर्ष आहे, गुरुत्वाकर्षण नव्हे. बहारीनमध्ये 2011 साली त्याहून मोठा वाटा रस्त्यावर उतरला, तरी राजवट टिकली.

ग्रीकांचा वाळूच्या ढिगाचा पेच आपण वर्गात शिकवायचो : कितव्या कणाला ढीग होतो? इथे तर कणच नक्की मोजलेले नाहीत. अंदाजाची फट वीस लाखांची असेल, तर रेषा ओलांडली की नाही हे त्या दिवशी रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाच दिसणार नाही, आणि सरकारलाही नाही.