फोटोच्या पाठीवरचं नाव

रमजानचा निम्मा महिना सरला की पिंपरी-चिंचवडमधले शिंपी नवं कापड घ्यायचं थांबवतात. 'आता ईदनंतर या' असं सांगताना त्यांनाही वाईट वाटतं, पण मशीन एक आणि हात दोन. अशा गर्दीत हल्ली एक गंमत दिसते. कापडाची पिशवी काउंटरवर ठेवून एखादी कॉलेजातली मुलगी मोबाईल पुढे करते. पडद्यावर कुणी नटी नसते, मुलीची आजी किंवा पणजी असते. 'बाही अश्शी हवी.' तरुण कारागीर बुचकळ्यात पडतो आणि मागच्या बाजूला काज करत बसलेल्या म्हाताऱ्या उस्तादांना हाक मारतो. ते चष्मा कपाळावर चढवून बघतात आणि हसतात. फुग्याची बाही! चुण्या खांद्यावर किती घ्यायच्या हे त्यांना मोजपट्टीशिवाय ठाऊक असतं.

जुन्या फोटोंची ही ओढ नुसती फॅशनची नाही, असं मला वाटतं. आजी आपल्याला ठाऊक असते ती फिक्या साडीतली, हातात तस्बीह किंवा जपमाळ घेऊन बसलेली, गुडघ्यांची तक्रार करणारी. फोटोत ती बावीस वर्षांची असते. डोळ्यांत सुरमा, केसांची एक बट मुद्दाम कपाळावर आणलेली आणि डावा हात असा ठेवलेला की मनगटावरचं घड्याळ दिसलंच पाहिजे. या बाईलाही शौक होते, आरशासमोर तिचाही वेळ जात होता, हे कळल्यावर नात तिच्याकडे निराळ्या नजरेने बघू लागते.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात अशा फोटोंची जितकी विविधता सापडेल तितकी जुन्या पेठांतही सापडणार नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरी कॅम्पात आली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग एमआयडीसी आली, मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, पुढे चाकणही भरलं. सोलापूर, लातूर, रत्नागिरी, केरळ, उत्तर प्रदेश, जिथून जो आला त्याने पत्र्याच्या पेटीत दोन-चार फोटो आणले. एकाच चाळीत एका खोलीच्या भिंतीवर नऊवारीतली आजी, शेजारच्या खोलीत सिंधी सलवार-कमीजमधली दादी आणि पलीकडे मुंडू नेसलेली अम्मची. आपण सगळे बाहेरचे, असं म्हणत हे शहर वाढलं. त्याचा पुरावा या भिंतींवर आहे.

नऊवारी म्हणजे हिंदू बाई आणि सलवार म्हणजे मुसलमान बाई, ही ठोकळ विभागणी जुन्या फोटोंत टिकत नाही. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत मुसलमान बायकाही लुगडं नेसत. कुंकू आणि मंगळसूत्राकडे लक्ष गेलं नाही तर कोण कोणाच्या घरची हे ओळखणं अवघड. उलट बाजूने बघा. साठच्या दशकात घट्ट चुडीदार आणि आखूड कुर्ता कॉलेजच्या मुलींत पसरला. उत्तरेतल्या नवाबी घराण्यांतला हा पोशाख घरोघरी पोचवला तो साधना या नटीने. ती मूळची कराचीची सिंधी. 'वक्त' या १९६५ च्या चित्रपटातले तिचे कपडे केले होते भानू अथय्या यांनी, म्हणजे कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या लेकीने. पुढे १९८३ मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय त्याच. नवाबांचा पोशाख, सिंधी नटी, कोल्हापूरची कलावंत आणि शिवणारे बहुतेक वेळा आमचे खलिफा. या चुडीदारावर कुणी एकाने हक्क सांगून दाखवावा!

बाहेर न पडणाऱ्या बायकांचे फोटो कसे निघत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास जनाना स्टुडिओ काढला होता. तिथे फोटो काढणारी बाई, मदतनीस बाया, पुरुषाला प्रवेश नाही. काम पाहायच्या केनी-लेव्हिक नावाच्या एक इंग्रज बाई. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. पडदा होता म्हणून हौस नव्हती असं नाही, हौसेने आपली वाट काढली होती. सामान्य घरांत मात्र फोटो निघायचा तो ईदेला, लग्नात किंवा कुणी दूर नोकरीला निघालं की. ईदेला नवे कपडे अंगावर असतच, त्यामुळे नमाज आणि शिरखुर्मा आटोपला की अख्खं खटलं टांग्यातून स्टुडिओत जाई. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि कारंजं. गावात पाण्याची बोंब असली तरी पडद्यावर कारंजं हवंच.

आता थोडं रंगांबद्दल, कारण इथे सगळेच फसतात. जुना फोटो पाहून 'आजीने काळं लुगडं नेसलंय' असं आपण म्हणतो. ते लाल असण्याचीच शक्यता जास्त! साधारण १९२०-३० पर्यंत वापरात असलेल्या बहुतेक काचा आणि फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल ते काळं उमटे आणि आकाशी निळं ते पांढरट. कपाळावरचं कुंकू म्हणूनच काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. फिक्या लुगड्यावरून एखादीला विधवा ठरवून मोकळे होणाऱ्यांनी जरा थांबावं. कुणी सांगावं, ते तिच्या माहेरचं आकाशी लुगडं असेल.

हल्ली मोबाईलवर एका बोटात जुन्या फोटोत रंग भरून मिळतात. हौस म्हणून ठीक आहे. पण ते यंत्र खरा रंग शोधून काढत नाही, अंदाज मारतं. गडद दिसलं की काळं किंवा करडं, फिकं दिसलं की पांढरं किंवा गुलाबी. वर चेहरा गुळगुळीत करतं, गोंदण पुसतं, नाकातली चमकी गिळून टाकतं. दोन वर्षांनी तोच रंगीत फोटो घरच्या ग्रुपवर फिरतो आणि मूळ कुठे गेला ते कुणाला आठवत नाही. तेव्हा रंगवा, पण मूळ फोटो आधी जसाच्या तसा जपून ठेवा.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. त्यासाठी दोन फोटो शेजारी ठेवतो.

पहिला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला, तारीख १० ऑक्टोबर १८८५. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत: आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केइको ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. साडी, किमोनो आणि शामी पेहराव एका ओळीत. अमेरिकेच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे राहतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसायचा विचार आनंदीबाईंनी केला होता, पण साडी सोडली नाही. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. पुढच्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. या फोटोखाली कुणीतरी तिघींची नावं आणि गावं लिहून ठेवली. तेवढ्या एका ओळीमुळे आज, एकशेचाळीस वर्षांनंतर, दमास्कसची ती मुलगी कोण हे आपण सांगू शकतो.

दुसरा फोटो तुम्ही पाहिलेलाच आहे. सावित्रीबाई फुले आणि त्यांच्याबरोबर बसलेली आणखी एक स्त्री. ती फातिमा शेख, असं मानलं जातं. दोघींच्याही अंगावर लुगडं आणि डोक्यावर पदर. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं. आपल्यामागे शाळेचा भार तिच्यावर पडला असेल, ही काळजी त्यात आहे. पण त्यापलीकडे तिच्याविषयी कागद फार थोडे. नाव, गाव, तारीख सांगणारी पहिल्या फोटोसारखी भक्कम ओळ इथे हाताशी नाही. त्याचा परिणाम काय झाला? २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर दावा झाला की अशी कुणी बाई झालीच नाही, ते कल्पनेतलं पात्र आहे. अभ्यासकांना ते एक पत्र पुढे करून सांगावं लागलं की ती होती. सावित्रीबाईंच्या शेजारी बसणाऱ्या बाईची ही गत, तर तुमच्या-माझ्या पणजीचं काय?

म्हणून यंदाच्या सुट्टीत, ईद असो की गुढीपाडवा, घरातले फोटो बाहेर काढा. काढताना थोडी काळजी घ्या. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसला असेल तर ओढू नका, पानासकट मोबाईलवर टिपून घ्या. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेले दिसतील, कारण त्यांतला निळसर रंग सर्वांत आधी उडतो. ते अंधारात, कोरड्या जागी ठेवा. आणि पाठीवर नाव लिहा, मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.

नाव विचारताना मात्र चिकाटी लागते. 'ही कोण?' म्हटलं की उत्तर येतं, 'मिरजवाली', 'बाबूची आई', 'हाफिजजींची सून'. तेवढ्यावर थांबू नका. अनेक मराठी घरांत लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहून मुलीचं जुनं नाव बदलत. तिथे दोन्ही नावं विचारा, नाहीतर परकरातली मुलगी आणि पाचवारीतली सून ही एकच बाई आहे हे पुढच्या पिढीला कळणारही नाही. आमच्यात नाव बदलत नाही, पण पुसलं तितकंच जातं. आयुष्यभर तिला कुणी नावाने हाक मारलेली नसते. माहेरचं गाव लिहा. साडी कुठली, ब्लाउज कुणी शिवलं, हेही आठवत असेल तर लिहा. आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका, सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

आमच्या नानीच्या अल्बममध्ये चौघींचा एक फोटो आहे. चौघींच्या पदराला एकसारखी साडीपिन, असं पहिल्यांदा वाटतं. नीट पाहिलं तर पिन एकीलाच आहे, पण त्याच दिवशीचे आणखी तीन फोटो आहेत आणि प्रत्येकात ती दुसरीच्या खांद्यावर. मागच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर आईच्या खालाला विचारत बसलो. तिघींची नावं तिने पटापट सांगितली, एकीचं तर लग्नाआधीचं लाडाचं नावही. चौथी कपाळावर गोल कुंकू लावलेली. 'ही शेजारची. पिन तिचीच होती. म्हणाली, आज सगळ्याच लावू.'

'नाव काय तिचं?'

खाला बराच वेळ फोटो हातात धरून बसली. मग म्हणाली, 'आम्ही तिला नुसतं वहिनीच म्हणायचो रे.'