गादी आणि दिवाणगिरी

25 मार्च 2023 रोजी बंगळुरूतील कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड या मेट्रोमार्गाचे उद्घाटन झाले. परंतु ज्या म्हैसूर राज्याने या व्हाइटफील्डसाठी जमीन दिली, ते राज्य 1881 साली नेमक्या याच तारखेस इंग्रजांनी वडियार घराण्यास परत केले होते, याचे स्मरण या प्रसंगी व्हावयास हवे होते.

गादीवर बसलेले चामराजेंद्र वडियार अवघे अठरा वर्षांचे, दत्तक, 1863 साली जन्मलेले. आणि त्याच वर्षी जन्मलेले बडोद्याचे दत्तक सयाजीराव गायकवाड यांनाही 1881 च्याच डिसेंबरात मुखत्यारी मिळाली, तोवर तेथील कारभार तंजावरच्या मराठी घराण्यातील सर टी. माधवराव यांनी दिवाण या नात्याने सांभाळला होता. राज्याचा प्रमुख राजा, शासनाचा प्रमुख दिवाण आणि दोघांच्याही शिरावर व्हाइसरॉय, अशी ही त्रिस्तरीय व्यवस्था होती. म्हैसूरच्या हस्तांतरणाच्या दस्तऐवजाने खंडणी साडेचोवीस लाखांवरून पस्तीस लाखांवर नेली, किल्ले बांधण्यास मनाई केली आणि प्रचलित कायद्यांतील फेरबदलही सरकारच्या संमतीवर ठेवला.

एवढ्या बंधनांत म्हैसूरचे दिवाण सी. व्ही. रंगाचार्लू यांनी जे केले, त्याचे मोल मला बिस्मार्क वा ग्लॅडस्टन यांच्या कर्तबगारीहून उणे वाटत नाही. राज्य परत मिळण्याच्या बाराच दिवस आधी, प्रतिनिधींना शासनात मर्यादित स्थान देणाऱ्या योजनेस त्या दिवशी सकाळी संमती देणारा रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बने मारला गेला, आणि त्याच्या पुत्राने ती योजना गुंडाळून ठेवली. इकडे 7 ऑक्टोबर 1881 रोजी दसऱ्याच्या सुमारास म्हैसुरात 144 प्रतिनिधींची सभा भरली. त्यात जमीनदार व व्यापारी यांचाच भरणा, ठराव मंजूर करण्याचा अधिकार शून्य, हे खरे; तथापि दिवाणाने प्रजेच्या माणसांसमोर उभे राहून साऱ्या कारभाराचा हिशेब मांडावा, हा पायंडा ब्रिटिश मुलखातही नव्हता.

पुढील वर्षी, 1882 मध्ये, याच महाराजांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन असोसिएशनला शेतीच्या वसाहतीसाठी 3,900 एकर जमीन दिली. असोसिएशनचे धुरीण डी. एस. व्हाइट यांचे नाव गावास मिळाले. वर्तुळाकार आखलेल्या त्या वसाहतीच्या मध्यभागीचा इनर सर्कल आजही शाबूत आहे. ही जमीन इंग्रजी छावणीच्या हद्दीबाहेर, संस्थानी मुलखात होती. रंगाचार्लू 1883 च्या जानेवारीत निवर्तले. व्हाइटफील्डच्या नव्या स्थानकात महाराजांचे, व्हाइट यांचे आणि या दिवाणाचे नाव एकाच फलकावर, त्या इनामाच्या सालासह, लागावे अशी माझी मागणी आहे.