धर्मावरून प्रायोजक करार मोडू शकतो का?

एखाद्या खेळाडूच्या जाहिराती अचानक बंद झाल्या आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याच्या धर्माची चर्चा झालेली असली, की समाजमाध्यमांवर दोन तट पडतात. एक म्हणतो, हा उघड अन्याय. दुसरा म्हणतो, पैसा कंपनीचा, मर्जी कंपनीची. दोघांचंही म्हणणं अर्धवट माहितीवर उभं असतं.

गैरसमज : इस्रायल फोलाऊला ख्रिस्ती असल्यामुळे काढलं.

ऑस्ट्रेलियाचा हा रग्बीपटू धार्मिक आहे, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. तेवढ्यावरून कुणी करार मोडला नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये त्याने इन्स्टाग्रामवर नरकात जाणाऱ्यांची यादी टाकली : मद्यपी, समलैंगिक, व्यभिचारी, खोटारडे, चोर, नास्तिक. (यादीत मूर्तिपूजकही होते, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची सोय झालेलीच होती.) पुढच्या काही आठवड्यांत बूटकंपनी असिक्सने त्याचं प्रायोजकत्व थांबवलं आणि रग्बी ऑस्ट्रेलियाने आचारसंहिता मोडल्याचा ठपका ठेवून त्याला काढून टाकलं.

फोलाऊचा युक्तिवाद असा, की ही बायबलमधलीच शिकवण आहे. ती सांगू न देणं म्हणजे धर्म पाळू न देणं. हे अगदीच पोकळ नाही. धर्म मानणं आणि धर्म बोलून दाखवणं यांच्यातली रेघ कुठे ओढायची, यावर न्यायालयंही अडखळतात. पण त्याने दावा कुणावर लावला ते पाहा. रग्बी ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्सच्या संघटनेवर, असिक्सवर नाही. धर्मावरून कामावरून काढण्याला तिथला ‘फेअर वर्क’ कायदा मनाई करतो, पण ते संरक्षण नोकरीपुरतं आहे, आणि बुटांची जाहिरात करणारा खेळाडू सहसा बूटकंपनीचा नोकर नसतो. डिसेंबर २०१९ मध्ये तडजोड झाली. तेव्हा ‘कोर्टाने त्याला न्याय दिला’ आणि ‘कोर्टाने त्याला धडा शिकवला’ ही दोन्ही विधानं खोटी. कोर्टाने मूळ प्रश्नावर निकालच दिलेला नाही.

अमेरिकेतही संरक्षणातली अशीच फट आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा नोकरीतला धार्मिक भेदभाव रोखतो, पण स्वतंत्रपणे करार करणाऱ्याला तो लागू होत नाही. करारांना लागू होणारा १८६६ चा जुना कायदा वंशावरून केलेला भेदभाव रोखतो, धर्मावरून केलेला नाही.

गैरसमज : आपल्याकडे राज्यघटना आहे, कंपनी असं करूच शकणार नाही.

धर्मावरून भेदभावाला मनाई करणारा अनुच्छेद १५ (१) बंधन घालतो ते शासनावर. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व फक्त पारशांना देणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने याच तर्काने टिकवला. खासगी प्रायोजकाचा प्रश्न मुख्यतः करार कायद्याचा. शिवाय करार बेकायदा मोडला हे सिद्ध झालं, तरी न्यायालय सहसा भरपाई देतं. ‘याच खेळाडूला पोस्टरवर ठेवा’ असा हुकूम देत नाही.

प्रायोजक सरकारी कंपनी असेल तर मात्र चित्र बदलतं. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या कंत्राटावरून झालेल्या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं, की शासकीय संस्थेला कंत्राट देतानाही मनमानी करता येत नाही. खेळाडूंना नोकऱ्या आणि पाठबळ देणाऱ्या सरकारी तेल कंपन्यांना हे लागू पडतं.

गैरसमज : खासगी कंपनी कारण न देता कधीही हात झटकू शकते.

करारात तसं लिहिलेलं असेल तरच. बहुतेक करारांत बदनामीचं कलम, म्हणजे खेळाडूची नाचक्की झाल्यास करार संपवू देणारं कलम असतं, आणि खरी मारामारी त्याच्या शब्दांवर होते. अमेरिकी फुटबॉलपटू रशार्ड मेंडेनहॉलने २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या मृत्यूवर जल्लोष करणाऱ्यांना ट्विटरवर प्रश्न विचारले आणि त्याची प्रायोजक कंपनी हेन्सब्रँड्सने करार संपवला. तो कोर्टात गेला. खटला सुरुवातीलाच निकाली काढा, ही कंपनीची मागणी २०१२ मध्ये फेटाळली गेली. त्याची मतं कंपनीला पटली नाहीत म्हणून काढलं, की लोकांत त्याची खरोखर नाचक्की झाली होती म्हणून, हे तपासावं लागेल, असं न्यायाधीशांचं म्हणणं. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. त्यात धर्माचा प्रश्न नव्हता, पण तीच कसोटी धर्मावरून मोडलेल्या करारालाही लावता येते.

गैरसमज : श्रद्धाळू खेळाडू प्रायोजकांना नकोच असतात.

दक्षिण आफ्रिकेचा मुस्लीम क्रिकेटपटू हाशिम अमला याच्या शर्टावर त्याच्या श्रद्धेमुळे बिअरचं चिन्ह नसे आणि ते प्रायोजकाने मान्य केलं होतं. मुस्लीम रग्बीपटू सॉनी बिल विल्यम्सने २०१७ मध्ये श्रद्धेपोटी शर्टावरचं बँकेचं चिन्ह झाकलं, तेव्हा न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने त्याला सूट दिली.

तुमच्या घरातलं कुणी असा करार करणार असेल, तर रकमेच्या आधी बदनामीचं कलम वाचा. बदनामी झाली हे कोण ठरवणार, आधी नोटीस मिळणार का, उरलेल्या मुदतीचे पैसे मिळणार का, आणि धर्माचं साधं पालन त्या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे का? वगळलं नसेल, तर सहीच्या आधी ते लिहून घ्या.