सत्तर घरांत बाळाची लस

लसीकरणाची आठवण करून देणारा एसएमएस आईबापांच्या फोनवर पडतो तेव्हा त्यात जेमतेम दोन ओळी असतात. त्या दोन ओळींसाठी टेबलावर किती भांडणं झाली, हे फक्त लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या तालुक्यांसाठी असे संदेश लिहिण्याच्या आणि नंतर फोन करून 'लस दिली का?' विचारण्याच्या कामात मी काही काळ होतो. त्या कामातले हे किस्से.

मात्रेचे पैसे

एसएमएसची लांबी १६० अक्षरांची का, याची गोष्ट जर्मनीतली आहे. १९८५ साली बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचा दूरसंचार अभियंता टंकलेखन यंत्रावर मनाला येतील ती वाक्यं टाइप करत बसला आणि प्रत्येकातली अक्षरं, आकडे, मोकळ्या जागा मोजत गेला. बहुतेक वाक्यं १६०च्या आत संपत होती. मर्यादा तिथेच ठरली. पण ती रोमन लिपीसाठी. देवनागरीत लिहिलं की एका एसएमएसला ७० घरंच मिळतात आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. मजकूर ७१वर गेला की संदेशाचे दोन तुकडे होतात आणि बिलही दुपटीने येतं.

म्हणून आमच्याकडे असली कसरत चाले: 'बाळाला उद्या दीड महिन्याची लस द्या. अंगणवाडीत सकाळी १० ला. कार्ड आणा.' मोजून पाहा, ६९ भरतात. यात बाळाचं नाव नाही, आईचं नाही, गावाचं नाही. 'कृपया' तर पहिल्याच दिवशी गेलं. एक ज्येष्ठ डॉक्टर चिडले, "अहो, आईला हुकूम काय सोडता?" आदर ठेवायचा तर कार्ड आणायला सांगता येत नव्हतं आणि कार्ड आलं नाही तर नर्सबाईंना मागचे डोस कळत नव्हते. कार्ड जिंकलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं आणि आमच्या हिशोबात नवं संकट आलं. 'औरंगाबाद' आठ घरांत बसायचं. 'छत्रपती संभाजीनगर' लिहायला मधली जागा धरून सतरा घरं लागतात, म्हणजे संदेशाचा जवळपास चौथा हिस्सा. तोड स्थानिक माणसानेच काढली. शहरातल्या पालकांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय कोणत्या नावाने माहीत आहे? 'घाटी'. चार घरांत काम झालं.

फोन कोणाचा, बाळ कुठं?

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण नोंदवहीत नंबर पडतो नवऱ्याचा. नवरा वाळूजच्या एमआयडीसीत. कित्येक कंपन्यांत मशीनजवळ फोन नेऊ देत नाहीत. सकाळी पाठवलेला संदेश तो पाळी सुटल्यावर वाचणार, तोवर सिल्लोडकडच्या गावातलं लसीकरण सत्र उरकलेलं असणार. असल्या दोन-चार तक्रारी आल्यावर 'आज' हा शब्द आम्ही कायमचा काढला आणि संदेश आदल्या संध्याकाळी पाठवू लागलो.

एकदा पाठपुराव्याचा फोन एका आजोबांनी उचलला. "लस द्या म्हणता, पण लेकरू तर मामाच्या गावाला हाय. आम्हाला कामून पाठवता मेसेज?" आजोबांचं बरोबर होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रियांचं देशातलं प्रमाण ५४ टक्के निघालं. उरलेल्या घरांत निरोप सासरा, दीर, शेजारी अशा हातांतून फिरत आईपर्यंत जातो. कधी तर कोणाचाच नंबर नसतो. मग रकाना रिकामा राहू नये म्हणून आशाताई स्वतःचा नंबर देतात. अशा एका ताईंच्या फोनवर एका संध्याकाळी गावातल्या सगळ्या तान्ह्यांचे संदेश येऊन पडले. बाळाचं नाव नव्हतंच. "कोणाच्या लेकराचा मेसेज हे कसं ओळखायचं?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांना ओळखायची गरज नव्हती. यादी त्यांच्या वहीत आमच्यापेक्षा चोख होती.

कॉम्प्युटरचा वार, नर्सबाईंचा वार

जन्मतारखेत सहा, दहा, चौदा आठवडे मिळवले की तारीख निघते. कॉम्प्युटरला ते सोपं. गावातलं सत्र मात्र ठरलेल्या वारी असतं. एका नर्सबाईंनी आम्हाला सुनावलं, "तुमचा कॉम्प्युटर म्हणतो सोमवार, माझा व्हॅक्सिन कॅरिअर येतो बुधवारी. बाई सोमवारी येऊन परत गेली तर पुढच्या खेपेला तिला काय तुम्ही आणणार?"

त्यामागे औषधाचं गणितही आहे. पेंटाव्हॅलंट किंवा पोलिओची उघडलेली बाटली नियम पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाचं तसं नाही. पावडरीत द्रावण मिसळल्यावर चार तासांत ती संपवायची, नाहीतर फेकायची. बीसीजीच्या बाटलीत दहा डोस. एका बाळासाठी ती फोडायला हात धजावत नाही आणि 'पुढच्या वेळी या' हे वाक्य तोंडातून निघून जातं. संदेश वाचून मजुरी बुडवून आलेल्या आईने ते वाक्य एकदा ऐकलं की आमचे पुढचे संदेश ती उघडतही नाही. मग तारखेऐवजी आम्ही सत्राचा वार मागवू लागलो. तो मिळवणं हे संदेश पाठवण्यापेक्षा कितीतरी मोठं काम निघालं.

स्वल्पविरामाने अडवलेला निरोप

नको असलेल्या जाहिरातींना लगाम म्हणून दूरसंचार नियामक 'ट्राय'ने नियम केला, की संस्थेने आपला मजकूर आधी नोंदवायचा आणि नोंदलेल्या नमुन्याबाहेरचा संदेश कंपनीने अडवायचा. ८ मार्च २०२१ला ही चाळणी लागू झाली आणि देशभर बँकांचे, आधारचे, नुकत्याच खुल्या झालेल्या कोविन नोंदणीचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. पुढे सगळे सरावले. आजही नमुन्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर संदेश वाटेतच मरतो. पालकांना वाटतं, कोणी आठवण केली नाही.

डाळ, चहाडी आणि नोबेल

संदेशांनी खरंच फरक पडतो का, हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक नाव अर्धं आपलं आहे: अभिजित विनायक बॅनर्जी, आई मराठी, जन्म मुंबईचा, २०१९चे नोबेल मानकरी. त्यांनी आणि एस्थर डुफ्लो यांनी राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर संस्थेबरोबर केलेला प्रयोग गाजला. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के, नियमित शिबिरं भरवली तिथे १८, आणि शिबिरात दर डोसमागे किलोभर डाळ व शेवटी ताटांचा संच दिला तिथे ३९. गंमत म्हणजे डाळ देऊनही दर बाळामागचा खर्च उतरला, कारण नर्सचा दिवस रिकामा जाईना.

पुढे हरियाणात त्यांनी एसएमएस आजमावला. गावात विचारलं, 'बातमी पसरवायला तुमच्याकडे कोण पटाईत?' लोकांनी नावं दिली आणि त्या बोलक्या माणसांना लसीकरणाची खबर फोनवर कळवत राहिले. डाळीसारखं काही न देता, खर्चाच्या मानाने सगळ्यांत फलदायी ठरली ती अशा माणसांची आणि पालकांना जाणाऱ्या एसएमएसची जोडी. महाराष्ट्र आणि बिहारमध्ये पालकांना संदेश पाठवणारी 'सुविता' ही संस्था त्याच अभ्यासाचा धागा धरून चालते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'किलकारी' आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश. महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. किलकारी घडवताना 'डॉ. अनिता' हे एक काल्पनिक पात्र रचलं गेलं, कारण ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज लोक ऐकून घेतात.

आमच्या टेबलावरचा निष्कर्ष साधा होता. एसएमएस स्वस्त आहे, पण नोंदवहीतला नंबर, सत्राचा वार आणि आशाताईचा शब्द या तिन्ही गोष्टी जागेवर असतील तेव्हाच त्याला किंमत येते. त्यातला नंबर तरी घरच्यांच्या हातात आहे. दवाखान्यातून बाळ घरी नेताना कोणी नंबर विचारला तर घरातल्या कर्त्याचा सांगू नका. पुढचं वर्षभर बाळाला कडेवर घेऊन लसीला जो जाणार, त्याचा सांगा. तो बदलला तर नर्सबाईंना गाठून बदलून घ्या. बाकीची भांडणं आम्ही ७० घरांत भांडून घेऊ.