सुटका नेमकी कुणाची?

‘सुटली बिचारी.’ वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली म्हातारी गेली की गावात पहिला उद्गार हाच निघतो. त्यात माया असते, आणि खरे बोलायचे तर सुटल्याचा एक निःश्वासही असतो. सुटले कोण, म्हातारी की घरचे, हे कुणी विचारत नाही. विचारण्याची ती वेळही नसते.

परदेशात हा प्रश्न थेट मतपेटीत गेला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९९४ साली, मरणासन्न रुग्णाला डॉक्टरने प्राणांतक औषध लिहून देण्याची मुभा जेमतेम ५१ टक्के मतांनी मंजूर केली. तीन वर्षांनी तो कायदा रद्द करायचा का, असे पुन्हा विचारले तेव्हा ६० टक्के लोकांनी ‘नको’ म्हटले. न्यूझीलंडमध्ये २०२० साली ६५ टक्के मते बाजूने पडली. स्लोव्हेनियात मात्र संसदेने केलेला कायदा २०२५ मध्ये लोकांनीच मतदानाने अडवला. या टक्केवारीपेक्षा बोलकी आहेत ती ओरेगॉनच्या सरकारी अहवालांत दरवर्षी नोंदली जाणारी कारणे. औषध मागणाऱ्यांत वेदनेचे नाव वरच्या क्रमांकावर नसते. आयुष्यावरचा स्वतःचा ताबा सुटतो आहे, हे दुःख मोठे असते. आणि घरच्यांवर आपला भार पडेल, ही धास्तीही पुष्कळजण सांगतात.

हा ‘भार’ बीड जिल्ह्यात आणून पाहा. दिवाळी सरली की धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडच्या गावांतून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायला चार-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर राबायचे. गावात उरतात म्हातारी माणसे. अर्धांगाने पडलेल्या बापाजवळ सून थांबली तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. अशा घरातला बाप ‘आता मला मोकळं करा’ म्हणाला, तर ती त्याची इच्छा मानायची की त्याने मनातल्या मनात केलेला हिशेब?

संमतीची सही किती मोकळ्या मनाने होते, हे या जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. शस्त्रक्रियेला ‘हो’ म्हणणाऱ्या बाईच्या मागे दुखणे असते, पाळीच्या दिवसांतला खाडा असतो आणि त्या खाड्याचा दंडही असतो. ते एका अवयवाचे झाले. येथे तर जिवाचाच सवाल आहे.

याचा अर्थ मरण स्वीकारणे आपल्या समाजाला परके आहे, असे नव्हे. १९६६ मध्ये सावरकरांनी आणि १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न-औषध थांबवले, तेव्हा महाराष्ट्राने हातच जोडले. पण ती आपल्या निश्चयाने निघालेली माणसे होती. ज्याला बोलताच येत नाही त्याचे काय, हे अरुणा शानभाग यांच्या निमित्ताने समोर आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ मध्ये वॉर्डबॉयने अत्याचार केला आणि त्या कायमच्या अचेतन झाल्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क विराणींचा नसून त्यांना इतकी वर्षे भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. निकाल ऐकून परिचारिकांनी पेढे वाटले. २०१५ मध्ये अरुणाताई गेल्या.

त्या निकालानेच काटेकोर अटींवर उपचार थांबवण्याची वाटही उघडली आणि २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ‘सन्मानाने मरण्याचा हक्क’ मान्य केला. प्राण घेणारे इंजेक्शन आजही गुन्हाच आहे. बरे होण्याची आशा नसताना यंत्राने लांबवलेले जगणे थांबवता येते, ते दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीने. खेड्यात मात्र मंडळ कधीच बसत नाही. पैसे संपले की डॉक्टर ‘घरी न्या’ म्हणतात किंवा घरचेच सही करून नेतात. नळ्या निघतात आणि माणूस ओसरीवर जातो. यात रोग्याची इच्छा किती आणि बिलाची किती, हे कोणत्याही कागदावर येत नाही.

ते कागदावर यावे, अशी सोय आता झाली आहे. शुद्धीत असतानाच ‘मला यंत्रावर ठेवू नका’ असे लिहून ठेवता येते. २०२३ च्या बदलानंतर त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावे लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. एक प्रत ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. वेळ आली तर आपल्या वतीने बोलणाऱ्याचे नाव त्यात घालावे लागते. पूर्वी एकच नाव चाले, आता एकाहून अधिक चालतात. बीडकरांनी ही सवलत जरूर वापरावी. थोरला फडावर असेल, तर दवाखान्यात उभे राहायला गावातली लेक किंवा पुतण्या हवाच. आणि कागद दिवाळीच्या आत करावा, सगळे घर जागेवर असताना.