चेंडू एक, मजुरी दोन

बास्केट म्हणजे टोपली. १८९१ साली अमेरिकेतल्या एका शिक्षकाने दोन टोपल्या उंचावर टांगल्या आणि मुलांना त्यांत चेंडू टाकायला लावले. त्यातून बास्केटबॉल हा खेळ निघाला. आता टोपलीच्या जागी लोखंडी कडे असते. ते जमिनीपासून दहा फूट उंच असते. दोन्ही बाजूंना पाच पाच गडी खेळतात.

हा खेळ बायकाही खेळतात. काही जणी तर त्यावरच पोट भरतात. तुम्ही म्हणाल, खेळून कुठं पोट भरतं का? भरतं. लोक तिकीट काढून खेळ पाहायला येतात. कंपन्या जाहिरातीसाठी पैसे देतात. त्यातून खेळणारांना पगार मिळतो. अशाच एका बाईची हकीकत आम्ही इथे सांगणार आहोत. तिच्या खेळाइतकीच तिच्या मजुरीची गोष्टही ऐकण्याजोगी आहे.

तिचे नाव डायना टोरासी. ती १९८२ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात जन्मली. तिचे आईबाप आर्जेन्टिना देशातून तिथे आले होते. डायना वाढली सहा फूट उंच. कॉलेजात असताना तिच्या संघाने ओळीने तीन वर्षे देशात पहिला नंबर मिळवला. २००४ साली फिनिक्स शहराच्या संघाने तिला घेतले. त्या वर्षी निवडलेल्या साऱ्या मुलींत तिला पहिली पसंती मिळाली होती. त्याच साली तिच्या देशाच्या संघाने ऑलिंपिकमध्ये सोन्याचे पदक जिंकले. त्या संघात तीही होती.

इतकी गुणी खेळाडू, मग पगार किती? पहिल्या वर्षी सुमारे ४० हजार डॉलर. त्याच वर्षी पुरुषांत ज्या मुलाला पहिली पसंती मिळाली, त्याचा पगार ४० लाख डॉलरच्या घरात होता. खेळ तोच, कडेही तेवढेच उंच. पण पुरुषांचे सामने पाहणारे जास्त, म्हणून त्यात पैसाही जास्त. बायकांचे सामने १९९७ साली सुरू झाले होते. त्यांचा हंगाम फक्त उन्हाळ्यातला, चार-पाच महिन्यांचा.

मग उरलेले महिने घरी बसायचं का? डायना बसली नाही. ती रशियात खेळायला गेली. तिथला हंगाम हिवाळ्यात असतो. उन्हाळा अमेरिकेत आणि हिवाळा रशियात, असे तिचे वर्ष सुरू झाले. आधी ती मॉस्कोकडच्या संघांतून खेळली. पुढे येकातेरिनबुर्ग शहराच्या संघात गेली. हे शहर उरल डोंगराजवळ आहे. तिथे कडाक्याची थंडी पडते. तिथल्या संघामागे तांब्याचा धंदा करणारी मोठी कंपनी होती. तिकीटविक्रीतून एवढे पगार निघत नव्हते. पण आपला संघ साऱ्या युरोपात पहिला यावा, अशी मालकांची हौस होती. त्यासाठी ते पैसा ओतत.

पण देह काही लोखंडाचा नसतो. बारा महिने धावायचे, उड्या मारायच्या, आपटायचे. गुडघे दुखतात, पाठ धरते. २०१५ साली येकातेरिनबुर्गच्या मालकांनी डायनाला सांगितले, या उन्हाळ्यात अमेरिकेत खेळू नकोस, विश्रांती घे. तिथला पगार बुडेल, त्याहून जास्त आम्ही देतो. अमेरिकेत तिला सुमारे १ लाख ७ हजार डॉलर मिळत. रशियात सुमारे १५ लाख डॉलर मिळतात, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. डायना त्या उन्हाळ्यात घरी राहिली. खेळून जेवढे मिळायचे, त्याहून जास्त तिला न खेळता मिळाले!

तुम्ही म्हणाल, १ लाख डॉलर काय थोडे झाले? थोडे नव्हेत. तेव्हा एका डॉलरला साठांहून जास्त रुपये पडत. पण प्रश्न निराळा आहे. एकाच बाईच्या एकाच कामाची किंमत एका गावी एक आणि दुसऱ्या गावी चौदा पट. यावरून काय दिसतं? मजुरी नुसत्या कसबावर ठरत नाही. देणारा कोण आहे, त्याची गरज किती आहे, यावरही ती ठरते.

परमुलखात पैसा असतो, तसा धोकाही असतो. २०१० साली डायना तुर्कस्तानात खेळत होती. तिच्या अंगात बंदी असलेले औषध सापडले, असा तपासणीचा निकाल आला. संघाने तिचा करार मोडला. २०११ साली प्रयोगशाळेने तो निकाल मागे घेतला. तिच्यावरचा डाग पुसला गेला, पण तो हंगाम हातचा गेला. तिच्याच संघातली ब्रिटनी ग्रायनर २०२२ साली मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. तिच्या सामानात गांजाचे तेल सापडले होते. तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरात दोन देशांनी कैद्यांची अदलाबदल केली, तेव्हा ती सुटली.

अमेरिकेतल्या खेळाडू बायकांची एक संघटना आहे. २०२० साली तिने मालकांशी नवा करार केला. सर्वांत मोठा पगार २ लाख १५ हजार डॉलरपर्यंत गेला. बाळंतपणाच्या रजेत पुरा पगार देण्याचे ठरले. हे सारे कागदावर लिहून घेतले.

डायनाने २०२५ साली खेळ सोडला. तोवर अमेरिकेतल्या बायकांच्या सामन्यांत तिच्याइतके गुण कुणीही केले नव्हते. ऑलिंपिकची सहा सुवर्णपदके तिच्या नावावर आहेत. एवढे कसब असूनही एकटीला आपल्या देशात पगार वाढवून घेता आला नाही. तेव्हा तिने परदेशची वाट धरली. घरचा पगार वाढला, तो साऱ्या जणी एकत्र बसल्या तेव्हा. कसब एकट्याचे असते. त्याचा भाव मात्र दहा जणांनी मिळून बोलल्यावर वाढतो. आणि ठरलेला भाव कागदावर उतरला, तरच टिकतो. म्हणून कागद वाचता आला पाहिजे.